रस्त्याचे बलुतेदार

पुणें-नाशिक रस्त्याची गोष्ट सुशिक्षितांच्या बैठकींत निघाली, कीं एक तक्रार हटकून ऐकूं येते. मंचर मागें पडलें म्हणजे नारायणगांवापर्यंत आणि तेथून पुढें आळेफाट्यापर्यंत रस्त्याच्या अंगाला टपऱ्या लागतात. कोठें टायर टांगलेले, कोठें मातीवर काळें तेल सांडलेलें, कोठें एखादी मालमोटार निम्मी डांबरावर व निम्मी मातींत उभी असून तिच्या पोटाखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले. हें दृश्य राष्ट्रीय महामार्गास शोभत नाहीं, सरकारनें हा अडथळा एकदांचा कायमचा दूर करावा, असें बोलणाराचें मत असतें व ऐकणारे त्यास माना डोलावितात. बोलणारे गृहस्थ बहुधा सज्जन असतात. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती त्यांच्या मताविषयीं. किंबहुना हें मत नव्हेच, ही डोळ्यांची नापसंती आहे, आणि डोळ्यांच्या नापसंतीवर रस्त्यांचें धोरण उभारूं लागल्यास माणसें मरतात, असें आमचें म्हणणें आहे. तें जरा विस्तारानें मांडणें अवश्य वाटतें.

हा रस्ता कोणासाठीं आहे, हा पहिला प्रश्न. आपल्या मोटारींतून नाशिकास लग्नाला जाणाऱ्या मंडळींसाठीं तो आहे, हें खरें. पण केवळ त्यांच्यासाठीं त्याचे चार पदर झालेले नाहींत. चाकण व भोसरी येथील कारखान्यांचे सुटे भाग, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीचा माल, नाशिकचा कांदा, हें सारें ह्या वाटेनें चढतें उतरतें. आळेफाट्यास कल्याणहून माळशेज घाटानें अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता त्यास छेदतो, म्हणजे मुंबईकडील ओझें तेथें येऊन मिळतें. आणि मधोमध नारायणगांव. कुकडी प्रकल्पाचें पाणी शिवारांत खेळूं लागल्यापासून ह्या भागानें टोमॅटोचें जें पीक घेतलें, त्याचा बाजार येथें भरतो. जुन्नरच्या बाजार समितीचा हा उपबाजार आतां मूळ बाजाराहून अधिक नांवाजलेला आहे. गुजराथ, मध्यप्रदेश, दिल्ली येथपर्यंत येथला माल जातो. 2023 च्या जुलै महिन्यांत 20 किलोंच्या एका क्रेटला 2,000 रुपयांच्या वर भाव गेला, तेव्हां पुण्याच्या घराघरांत ह्या गांवाचें नांव निघालें. त्यापूर्वीं तें निघालें नव्हतें, कारण वस्तु स्वस्त असली म्हणजे ती कोठून येते हें विचारण्याची आपणांस गरज वाटत नाहीं.

आतां हिशेब पहा. दहा टनांच्या एका मालमोटारींत अशीं 500 क्रेट होतात. तेजीच्या त्या दिवसांत एका गाडींत दहा लाखांचा माल होता. मंदींत तोच माल पन्नास हजारांचाही होत नाहीं. परंतु तेजी असो कीं मंदी, पिकलेला टोमॅटो वाट पाहत नाहीं. भर उन्हांत गाडी दहा तास उभी राहिली, तर खालच्या थरांतून पाणी सुटूं लागतें व दिल्लीच्या बाजारांत व्यापारी पहिला क्रेट उघडूनच भाव पाडतो. म्हणून गाडी कोठें बिघडली आणि किती वेळांत उठली, हा केवळ गाडीच्या मालकाचा प्रश्न राहत नाहीं. तो खोडदच्या, वारूळवाडीच्या, येडगांवच्या शेतकऱ्याचा होतो.

आणि गाडी बिघडतेच. जड यंत्र रात्रंदिवस ओझ्याखालीं धांवलें म्हणजे तें कोठेंतरी ढिलें पडणें, झिजणें, तुटणें हा त्याचा स्वभावच आहे. ओझें जास्त झालें कीं कमानीचा मुख्य पाटा तुटतो. खेड घाट किंवा चंदनापुरीचा घाट उतरतांना ब्रेक तापतात, लायनर जळतात. डिझेल संपत आलें असतां नळींत हवा शिरते, आणि मग कितीही चावी फिरवा, इंजिन बोलत नाहीं. ती हवा हातपंपानें थेंब थेंब काढावी लागते, व फेसाळ डिझेल जाऊन निर्मळ धार केव्हां लागली हें डोळ्यानेंच ठरवावें लागतें. हीं कामें करणारा मनुष्य रस्त्यावरच हवा. पुण्याहून येणारा कितीही पदवीधर असला तरी तो चार तासांनीं येणार. नारायणगांवचा मिस्त्री वीस मिनिटांत येतो, मध्यरात्रीं येतो, आणि इंजिनाचा आवाज ऐकून तिसऱ्या सिलिंडरचा नोझल गेला आहे असें सांगतो. त्याच्या शेजारीं पाटेवाला असतो, त्याच्या पलीकडे वेल्डिंगवाला, बॅटरीवाला, रेडिएटरवाला. पंक्चरवाला पुष्कळदां केरळांतून किंवा बिहारांतून आलेला असतो व अंगाला न लागणाऱ्या मराठींत ड्रायव्हराशीं भाव ठरवितो. हा एक समूह आहे. कोणी त्याची योजना आंखलेली नाहीं, कोणी त्यास अनुदान दिलेलें नाहीं; गाड्या जेथें मोडतात तेथें तो उगवला. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ह्यास एखादें भारदस्त नांव असेल. रस्त्यावर त्यास अतिक्रमण म्हणतात.

हीं माणसें उठवावीं म्हणणाऱ्यांनीं एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाहीं. टपरी उठविली म्हणजे गाडी बिघडावयाची थांबत नाहीं. ती बिघडून तेथेंच उभी राहते. आणि उभी मालमोटार म्हणजे रस्त्यांत रात्रींतून बांधलेली भिंत होय. 17 जानेवारी 2025 रोजीं नारायणगांवजवळ ह्याच रस्त्यावर एका प्रवासी गाडीस मागून टेंपोची धडक बसली, ती गाडी फेकली जाऊन कडेला उभ्या असलेल्या रिकाम्या एस. टी. बसवर आदळली आणि नऊ माणसें मेलीं. त्या अपघाताचा दोष कोणाचा, हें ठरविणें तपासणी करणाऱ्यांचें काम. आम्ही त्यांतील एकच गोष्ट उचलतों : धांवत्या रस्त्याला चिकटून उभें असलेलें वाहन तेथें होतें, आणि तें नसतें तर धडकेचा दुसरा अर्धा भाग झाला नसता. 2022 ह्या एका वर्षांत देशांत रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसें मेल्याची सरकारी नोंद आहे. इतकीं माणसें एखाद्या लढाईंत पडलीं असतीं तर आपण तिचे पोवाडे रचले असते. बिघडलेलें वाहन लवकरांत लवकर डांबरावरून दूर नेणें व दुरुस्त करणें हें रस्त्याच्या सुरक्षिततेचें एक अंग आहे, शोभेचा प्रश्न नव्हे. तें अंग आज जो सांभाळतो आहे, त्याला आपण अडथळा म्हणतों.

आमचे पूर्वज इतके भोळे नव्हते. गांव वसविलें म्हणजे तेथें लोहार व सुतार लागतो हें त्यांस ठाऊक होतें; नांगराचा फाळ पाजळणें, गाडीच्या चाकावर धाव चढविणें, हीं कामें केव्हां निघतील ह्याचा नेम नसतो, म्हणून त्या कारागिरास गांवांत जागा आणि सुगीला बलुतें दिलें जात असे. ती व्यवस्था जातीनें जखडलेली होती व ती मोडली हें उत्तमच झालें. तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु तिच्यांतील एक शहाणपण निर्विवाद होतें : ज्याच्यावाचून चाक फिरत नाहीं त्याला चाकाजवळ हक्काची जागा असावी. आपण चार पदरी रस्ते बांधले, चाळकवाडीस व हिवरगांव पावसा येथें टोलनाके उभारले, वेगमर्यादेच्या पाट्या लावल्या, दुभाजकांत कण्हेरी लावल्या. पट्टी वसूल करणाराला पक्की इमारत मिळाली. लोहाराची आठवण मात्र नकाशा काढणाऱ्या एकाही अभियंत्यास झाली नाहीं. गांवगाड्याला बलुतेदार होते. ह्या मोठ्या गाड्याला ते नाहींत, किंवा आहेत ते चोरून आहेत.

जुन्नरच्या परिसरांत हें बोलतांना तर संकोच वाटावा. दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याणच्या बंदरावरून नाणेघाटानें जो माल वर चढत असे तो जुन्नरासच येई. घाटाच्या तोंडाशीं ठेवलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. शाळेच्या सहली तो पाहून येतात. त्याच मार्गावरील जुन्नरच्या लेण्यांतील कोरीव लेखांत कांसारांच्या आणि वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख असून, दात्यांनीं धर्मकार्यासाठीं द्रव्य त्यांच्याकडे ठेव म्हणून ठेवल्याचें त्यांत नमूद आहे. म्हणजे व्यापारी मार्गावरचा कारागीर हा त्या काळीं इतका प्रतिष्ठित होता कीं लोक त्याच्यापाशीं पैसा सुरक्षित समजत. आपण लेण्यांवर व्याख्यानें देतों, त्या लेखांचीं भाषांतरें छापतों, आणि परततांना गाडीच्या कांचेंतून त्याच कारागिराच्या वंशजाकडे पाहून नाक मुरडतों! वंशज हा शब्द आम्ही रक्ताच्या अर्थानें वापरीत नाहीं.

कायद्याकडे पाहिलें तर तेथेंही त्यास आसरा नाहीं. राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीवरील अतिक्रमणें दूर करण्यासाठीं 2002 चा स्वतंत्र कायदा आहे व तो असावयासच पाहिजे. डांबराला खेटून जो गाडी उघडून बसतो त्याचें समर्थन आम्हीही करणार नाहीं. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा 2014 चा कायदा झाला, पण तो नगरपालिकांच्या हद्दींपुरता. नारायणगांव पडलें ग्रामपंचायतीचें गांव. 2021 सालीं गांवाचें बाह्यवळण खुलें झालें. बाजारपेठेंतील कोंडी फुटली, गांवानें श्वास घेतला, हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु जड वाहनें बाहेरून जाऊं लागलीं कीं त्यांवर पोट भरणारे कारागीरही बाहेर सरकणार, हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. बाह्यवळण आंखतांना त्यांच्यासाठीं दोन एकर बाजूला काढले असते तर आज त्यांस अतिक्रमण करण्याची गरजच उरती ना. आधीं जागा ठेवावयाची नाहीं, मग उभा राहिला म्हणून गुन्हेगार ठरवावयाचें, ही रीत आपल्या राज्यकारभाराच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तीत अन्याय आहे हेंच कोणास दिसत नाहीं.

ह्यावर आमचे मित्र दुसऱ्या टोंकानें येतात. हे लोक बनावट भाग घालतात, अडलेल्या ड्रायव्हराला नाडतात, कोंवळ्या पोरांना कामाला जुंपतात, काळें तेल ओढ्यांत सोडतात, असा त्यांचा आरोप असतो. आरोप सर्वस्वी खोटा नाहीं. पोऱ्याचा प्रश्न तर आम्हांस अत्यंत गंभीर वाटतो. घरचा धंदा सोडल्यास 14 वर्षांखालील मुलास कोठेंही मजुरीस लावण्याची 2016 पासून बंदी आहे, आणि जॅकवर तोललेल्या दहा टनांखालीं जाणें हें तर त्याहून मोठ्या मुलाचेंही काम नव्हे. ती बंदी कसोशीनें पाळली गेली पाहिजे व जो मिस्त्री ती मोडील त्यास दंड झाला पाहिजे. पण जो धंदा कागदावर अस्तित्वांतच नाहीं त्याची तपासणी करावयास कोण जाणार? वापरलेल्या तेलाचेंही तसेंच. 2016 च्या नियमांनीं तें घातक द्रव्य ठरविलें. तें मीना नदीच्या ओढ्यांत जाऊं नये हें योग्यच. परंतु पांच लिटर काळें तेल मिस्त्र्यानें द्यावें कोणाला, ह्याची व्यवस्था रस्त्यावर कोठेंही दिसत नाहीं. जागेला क्रमांक द्या, दुकानाला परवाना द्या, आणि मग त्या परवान्यावर अटी घाला. ज्याच्याजवळ गमावण्यासारखें कांहींच नाहीं त्याला नियमाचा धाक कसला?

इतकें झाल्यावर आम्हांस खरी भीति ज्या गोष्टीची वाटते तिच्याकडे वळतों, कारण टपरी उठविणारा हात सरकारचा नसून दुसऱ्याच कोणाचा असण्याचा संभव अधिक आहे. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांस बी. एस. सहा हें प्रदूषणाचें मान लागू झालें. धूर कमी व्हावा हा हेतु स्तुत्य आहे. मात्र त्याबरोबर मालमोटारीच्या अंगांत संवेदकांचें एक जाळें आलें, बहुतेक जड गाड्यांत धुरावर शिंपडण्यासाठीं युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी आली, आणि ह्या सर्वांवर नजर ठेवणारा एक बंद डबा आला. द्रावण संपलें किंवा एखाद्या संवेदकानें चुकीचा निरोप दिला, कीं तो डबा इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतो. इंजिन धडधाकट असतें, पाटे शाबूत असतात, पण गाडी चढ चढत नाहीं. मिस्त्री कान लावतो; कानाला कांहीं लागत नाहीं. दोष काय आहे हें त्या डब्याला विचारावें लागतें, आणि डबा फक्त कंपनीच्या यंत्राशीं, कंपनीच्या परवलीच्या शब्दानेंच बोलतो. तीस वर्षें ज्यानें टाटा आणि अशोक लेलँड हाताच्या बोटांनीं ओळखल्या तो एका रात्रींत निरक्षर ठरला! त्याचें ज्ञान जुनें झालें असें नव्हे. नवें ज्ञान त्याच्यापासून कुलुपांत ठेवलें गेलें.

कोणी म्हणेल, कंपनीनें केलेल्या वस्तूचें रहस्य कंपनीनें राखलें तर बिघडलें कोठें? बिघडतें तें असें कीं विकत घेतलेली वस्तु दुरुस्त कोठें करावी हें ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे उरला, तर ती विक्री पुरी झालीच नाहीं. हें आमचेंच लहरी मत नव्हे. 2014 च्या ऑगस्टांत भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार-कंपन्यांस मिळून 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो ह्याच कारणासाठीं कीं सुटे भाग, तपासणीचीं यंत्रें व माहितीपुस्तकें त्या स्वतंत्र कारागिरांस मोकळेपणीं मिळूं देत नाहींत. त्या निकालावर पुढें अपिलें झालीं. शिवाय तो प्रवासी मोटारींविषयीं होता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत 2012 सालीं मतदारांनींच प्रचंड बहुमतानें दुरुस्तीचा हक्क कायद्यांत आणविला. आपल्याकडे 2022 सालीं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें ह्या विषयावर समिती नेमली, वाहनें व शेतीचीं अवजारें तिच्या कक्षेंत घेतलीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडलें. संकेतस्थळावर कंपन्यांनीं माहिती द्यावी ही अपेक्षा आहे. अपेक्षेला कायद्याचे दांत नाहींत. ज्या दिवशीं नारायणगांवचा मिस्त्री रास्त किंमत मोजून तें तपासणीचें यंत्र आणि त्याचें पुस्तक दुकानांतून आणूं शकेल, त्या दिवशीं हा हक्क आला असें आम्ही मानूं.

आणि तें पुस्तक मराठींत असावें. भाषेच्या अभिमानाचीं व्याख्यानें देणाऱ्या आमच्या साहित्यिक बांधवांना हा विषय कधीं सुचलेला आम्हीं पाहिला नाहीं. ह्या माणसांनीं पाना, पाटा, कमान, हवा धरणें, इंजिन उतरविणें, इंजिन बसविणें असे रोखठोक शब्द आपल्या बळावर चालविले, इंग्रजी शब्द घेतले ते दामटून आपल्या व्याकरणांत बसविले. आणि आपण परिभाषाकोशांत असे शब्द घडवितों कीं ते उच्चारतांना मिस्त्र्याची जीभ व प्राध्यापकाची जीभ सारखीच अडखळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल-मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. अनुभवानें शिकलेल्यास परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्यविकासाच्या योजनेंत आहे. ती टपरीपर्यंत येऊन पोंचली पाहिजे, कारण टपरी एक दिवस बंद ठेवून तालुक्याला जाणें त्यास परवडत नाहीं. आम्ही इतकीं वर्षें वर्गांत रस्किन शिकवीत आलों. हाताच्या कामाचें मोल त्यानें आमच्या विद्यार्थ्यांस समजावून दिलें, त्यांनीं त्यावर सुंदर उत्तरपत्रिका लिहिल्या, आणि त्यांतील एकाच्याही मनांत मिस्त्री होण्याचें आलें नाहीं. आलें असतें तर त्याच्या घरच्यांनीं आम्हांसच जाब विचारला असता.

नारायणगांव म्हटलें कीं रसिकांस तमाशा आठवतो. विठाबाई नारायणगांवकरांस 1957 व 1990 अशीं दोनदां राष्ट्रपतींच्या हस्तें पारितोषिकें मिळालीं, ह्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच यात्रेची सुपारी द्यावयास येतात. पण सुपारी घेतलेला फड ठरलेल्या रात्रीं ठरलेल्या गांवीं उभा राहतो तो कनात, रंगमंच, माणसें हें सारें मालमोटारींत भरून नेतो म्हणून. वाटेंत पाटा तुटला तर बोर्डावर ढोलकी वाजत नाहीं. लोककलेच्या अनुदानाचा विचार करणाऱ्यांनीं ह्याही बाजूस एकदां पहावें.

सरकारला रस्त्याच्या माणसांची कणव नाहींच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींत ड्रायव्हरच्या बैठकीस वातानुकूलन सक्तीचें झालें. फार चांगलें झालें. महामार्गांच्या कडेला ठराविक अंतरावर विश्रांतिस्थानें उभारण्याचें धोरण आहे, त्यांत उपाहारगृहें आहेत, पेट्रोलपंप आहेत. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीस अडथळा येऊं नये म्हणून पुणें-नाशिक रेल्वेचा आधींचा मार्ग बदलण्याचेंही ठरलें. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या जेथें दूरच्या ताऱ्यांचे संदेश ऐकतात त्या विद्येसाठीं एवढें केलें, ह्याबद्दल आम्ही शासनाचे आभारी आहों. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर जो मनुष्य गाडीखालीं उताणा पडून काम करतो, त्याच्यासाठीं मार्ग बदलावयास कोणी सांगत नाहीं. रस्त्यापासून शंभर पावलें आंत थोडी जागा हवी आहे.

बाह्यवळणाच्या दोन्ही तोंडांशीं ती मिळण्यासारखी आहे. मालमोटारी डांबर सोडून पुऱ्या आंत येतील इतकी ती रुंद असावी. खालून काम करण्यासाठीं दोन-तीन बांधीव खड्डे, रात्रभर दिवा, पाणी, शौचकूप आणि वापरलेल्या तेलाची एक झांकलेली टाकी, एवढें तिच्यांत असलें म्हणजे पुरे. जागा भाड्यानें द्यावी, फुकट नको. भाडें देण्यास हे लोक तयार नसतील असें मानण्यास आधार नाहीं. बिघडलेली गाडी ओढून आंत आणणारें एक वाहन तेथेंच ठेवावें आणि त्याचा खर्च टोलाच्या उत्पन्नांतून करावा. प्रथम हें करावें. मग महामार्ग-अधिकाऱ्यांनीं खुशाल फौजफाटा घेऊन यावें व डांबरालगतची शेवटची टपरी उचलून न्यावी. तोंपर्यंत, पुढच्या टोमॅटोच्या हंगामांत कोणी टपऱ्या हटविण्याचा अर्ज सह्यांसाठीं आमच्याकडे आणला, तर तो सहीवांचून परत जाईल.